वाहन सल्ला : उंच केलेल्या गाडीचा मागचा अ‍ॅक्सल

प्रश्न : माझ्याकडे पाच दारांची जिम्नी आहे. मावळातल्या आणि कोकणातल्या कच्च्या वाटांसाठी मी पुढे-मागे ५० मि.मी. उंची वाढवणाऱ्या स्प्रिंगा बसवून घेतल्या, शॉक अ‍ॅब्सॉर्बर मात्र मूळचेच ठेवले. तेव्हापासून तीन तक्रारी सुरू झाल्या आहेत. मागचे चाक खड्ड्यात सुटले की ‘खट्’ असा आवाज येतो. ताशी ६० ते ७० कि.मी. वेगाला अ‍ॅक्सिलरेटर दाबला की मागून थरथर जाणवते. आणि घाटातल्या वळणावर मागची बाजू आपण न सांगताच थोडी वळल्यासारखी वाटते. गॅरेजवाले वेगळ्या टाकीचे शॉक, लांबी बदलता येणारा लॅटरल रॉड, पॉलियुरेथेनचे सगळे बुश आणि लांबी बदलता येणारे आर्म असा पूर्ण संच घ्या म्हणतात. यातले खरोखर आवश्यक काय आहे?
– एक वाचक, पनवेल

उत्तर : पूर्ण संच घेऊ नका, निदान मोजमाप होईपर्यंत तरी नाही. आपल्या तिन्ही तक्रारींचे कारण एकच नाही आणि संचातल्या काही वस्तूंचा त्यांच्याशी काही संबंध नाही. त्यातली एक वस्तू तर जिम्नीच्या बाबतीत अपायकारकच ठरण्याचा संभव आहे.

प्रथम रचना समजून घेऊ. जीप रँग्लरसारख्या गाडीत (जिची जुळणी २०२१ पासून पुण्याजवळच्या रांजणगावात होते) मागच्या अ‍ॅक्सलला दोन वरचे व दोन खालचे आर्म (चेसिसशी जोडणारे दांडे) आणि एक आडवा रॉड असतो. वरच्या आणि खालच्या आर्मची लांबी कमी-जास्त करून अ‍ॅक्सल हवा तितका फिरवता येतो, म्हणून त्या गाड्यांसाठी लांबी बदलता येणारे आर्म विकले जातात. जिम्नीची रचना याहून वेगळी आहे. तिच्यात दोन्ही बाजूंना एकेकच ट्रेलिंग आर्म आहे. त्याचे पुढचे टोक एका बुशने (रबरी सांध्याने) चेसिसला आणि मागचे टोक दोन बुशांनी अ‍ॅक्सलला जोडलेले असते, आणि अ‍ॅक्सल डावी-उजवीकडे सरकू नये म्हणून आडवा लॅटरल रॉड असतो. आर्मने अ‍ॅक्सलला असे दोन ठिकाणी धरलेले असल्यामुळे आर्म जितके अंश कलेल तितकेच अंश अ‍ॅक्सलही फिरतो. आपल्या दोन तक्रारी आर्मच्या या कलण्यातूनच निघाल्या आहेत. रँग्लरवर केलेल्या कामाचे व्हिडिओ पाहून जिम्नीसाठी आर्म मागवणाऱ्यांची संख्या बरीच आहे. एकाच आर्मची लांबी बदलून अ‍ॅक्सल फिरत नाही, त्यामुळे त्यांचा पैसा नेमका येथे वाया जातो.

थरथरीचे गणित करून पाहू. समजा आर्मची लांबी ६०० मि.मी. आहे. बॉडी ५० मि.मी. वर गेली म्हणजे चेसिसच्या तुलनेत आर्मचे मागचे टोक तितकेच खाली गेले, आणि आर्म सुमारे पावणेपाच अंशांनी कलला. त्याबरोबर अ‍ॅक्सल फिरून पिनियनचे (अ‍ॅक्सलमध्ये जोर आणणाऱ्या दंतचक्राचे) तोंड तेवढ्याच अंशांनी वर उचलले गेले. प्रोपेलर शाफ्टच्या (मागच्या अ‍ॅक्सलकडे जोर नेणाऱ्या दांड्याच्या) दोन्ही टोकांना साधे क्रॉस (कोनात फिरणारे सांधे) असतात तेव्हा ट्रान्सफर केसमधून (पुढच्या-मागच्या चाकांना जोर वाटणाऱ्या पेटीतून) बाहेर येणारा शाफ्ट आणि पिनियन हे एकमेकांना समांतर असावे लागतात. तसे असले तरच एका क्रॉसने निर्माण केलेली गतीतली चढउतार दुसरा क्रॉस भरून काढतो. पिनियन वर उचलली की दोन्ही क्रॉसच्या कोनांत तितक्याच अंशांचा फरक पडतो, मग शाफ्टची लांबी कितीही असो. हा फरक एक अंशाच्या आत असावा असा सर्वसाधारण नियम आहे. आपल्या गाडीत तो त्याच्या कितीतरी पुढे गेलेला असणार, आणि म्हणून शाफ्टच्या प्रत्येक फेऱ्यात दोनदा धक्का बसतो. अ‍ॅक्सिलरेटर दाबल्यावरच हे अधिक जाणवते, कारण जोर लागताना अ‍ॅक्सलचे हाउसिंग उलट दिशेने फिरू पाहते आणि पिनियन आणखी थोडी वर जाते. चाकांचे बॅलन्सिंग पुन्हापुन्हा करून घेऊन ही थरथर जाणार नाही.

आता वळणाची तक्रार. मूळच्या गाडीत आर्म बऱ्यापैकी आडवे असतात, त्यामुळे चाक वर-खाली झाले तरी ते पुढे-मागे फारसे सरकत नाही. आर्म मागच्या बाजूला खाली उतरते झाले की तसे राहत नाही. वळणावर गाडी बाहेर कलते. बाहेरचे चाक बॉडीच्या तुलनेत वर जाताना थोडे मागे सरकते, आतले चाक खाली जाताना थोडे पुढे येते, आणि संपूर्ण अ‍ॅक्सल किंचित तिरका होऊन मागची चाके वळणाच्या बाहेरच्या दिशेला तोंड करतात. चालकाला ते मागची बाजू स्वतःहून वळल्यासारखे वाटते. ताम्हिणीसारख्या एकामागून एक वळणे असलेल्या घाटात, त्यातही ओल्या रस्त्यावर, ही सवय त्रासदायक ठरते.

या दोन्ही तक्रारींवर एकच वस्तू पुरते, आणि ती त्या संचात नाही : आर्मचे चेसिसकडचे टोक खाली आणणारी ब्रॅकेट. पुढचे टोक खाली आले की आर्म पुन्हा आडवा होतो, अ‍ॅक्सल परत फिरतो, पिनियन समांतर होते आणि वळणावरचे तिरकेपणही कमी होते. केंद्राबाहेर भोक पाडलेले बुश मिळतात, त्यांनी पिनियनचा कोन सुधारतो. पण आर्मचा उतार तसाच राहत असल्याने घाटातली तक्रार कायम राहते. ब्रॅकेटचा तोटाही सांगायला हवा. ती चेसिसच्या खाली लोंबते आणि मोठ्या दगडांवर अडकते. पाच दारांच्या जिम्नीचा चाकतळ (पुढच्या-मागच्या चाकांमधले अंतर) २,५९० मि.मी. लांब असल्यामुळे तिचे पोट तसेही लवकर टेकते. आपले जाणे-येणे मुख्यतः कच्च्या वाटांनी आणि घाटांतून होत असल्याचे दिसते, तेव्हा वाढवलेल्या उंचीच्या साधारण निम्मी भरपाई करणारी ब्रॅकेट घेऊन थरथर किती उरते ते पाहावे. उरलीच तर केंद्राबाहेर भोक असलेल्या बुशांचा विचार करावा.

‘खट्’ असा आवाज शॉकचा आहे. उंच स्प्रिंगेमुळे अ‍ॅक्सल नेहमीच बॉडीपासून ५० मि.मी. दूर उभा असतो. मूळच्या शॉकची खाली सुटण्याची वाट तितकीच कमी झाली आहे आणि चाक खड्ड्यात सुटले की शॉक पूर्ण ताणला जाऊन आतल्या आत आदळतो. असे चालवत राहिल्यास सील फुटतील किंवा शॉकचे टोक तुटेल. त्यामुळे खरेदीत पहिला क्रमांक शॉकचा. मात्र ‘दोन इंच लिफ्टचा शॉक’ एवढे सांगून तो आणू नये.

योग्य लांबी काढण्याची रीत अशी. गाडीच्या चेसिसखाली दोन्ही बाजूंना भक्कम घोड्या लावाव्यात. केवळ जॅकवर उभ्या गाडीखाली कोणीही शिरू नये. मागच्या स्प्रिंगा आणि शॉक काढून अ‍ॅक्सल जॅकवर घ्यावा. बंप स्टॉपर (चाक फार वर जाऊ नये म्हणून लावलेला रबरी ठोकळा) पूर्ण दाबला जाईपर्यंत अ‍ॅक्सल वर नेऊन शॉकच्या दोन्ही बैठकींमधले अंतर मोजावे. मग तो हळूहळू खाली सोडावा आणि ब्रेकचा होस पाइप, हँडब्रेकची केबल, एबीएसची वायर, अ‍ॅक्सलचा ब्रीदर पाइप व प्रोपेलर शाफ्ट यांपैकी जे सर्वांत आधी ताणले जाईल तेथे थांबून पुन्हा अंतर मोजावे. एक बाजू वर आणि दुसरी खाली अशा स्थितीतही हेच करावे, कारण दगडावर चढताना अ‍ॅक्सल तसाच उभा राहतो. समजा वरचे अंतर ३६० आणि खालचे ५६० मि.मी. आले, तर शॉक मिटलेल्या अवस्थेत ३४५ च्या आसपास आणि उघडल्यावर ५६० पेक्षा थोडा कमी असावा. मिटलेली लांबी जास्त असलेला शॉकच हाती आला तर बंप स्टॉपर तेवढा उंच करावा लागतो. तसे केले नाही तर गाडीचा सगळा भार शॉकच्या पिस्टनवर आदळतो आणि चेसिसवरची त्याची बैठकच उखडते. पूर्ण सुटलेल्या अवस्थेत स्प्रिंग आपल्या जागेवरून निसटत नाही ना, तेही याच वेळी पाहून घ्यावे.

वेगळ्या टाकीच्या शॉकबद्दल माझे मत स्पष्ट आहे : सह्याद्रीत त्यांची गरज पडत नाही. तेल तापून शॉक निकामी होऊ नये यासाठी ती टाकी असते, आणि तेल तापते ते वाळवंटात किंवा लांबच लांब खडबडीत रस्त्यावर तासन्‌तास वेगाने गेल्यावर. आपल्याकडे ओढे, जांभा दगड आणि चिखल यांतून माणूस चालेल अशा वेगाने गाडी जाते. येथे दुहेरी नळीचा, जाड बाहेरच्या नळीचा शॉक अधिक शहाणपणाचा; त्याला दगड लागून पोचा पडला तरी बहुधा काम चालू राहते. एकेरी नळीच्या शॉकमध्ये पिस्टन थेट बाहेरच्या नळीतच फिरत असल्याने तसाच पोचा त्याला जागीच अडकवतो.

शॉक घेण्याआधी एक काम स्वस्तात होते. गाडी नेहमीच्या सामानासह वजनकाट्यावर न्यावी आणि फक्त मागची चाके काट्यावर ठेवून वजन घ्यावे. ओल्ड मॅन इमूसारखे उत्पादक एकाच गाडीसाठी वेगवेगळ्या भाराच्या स्प्रिंगा काढतात. मागे लोखंडी बंपर, शिडी आणि छतावरचा तंबू धरून काढलेली स्प्रिंग रिकाम्या गाडीला लावली तर मागची बाजू उड्या मारते, आणि मालक दोष शॉकला देतो. शॉकची ताकद स्प्रिंगेला साजेशी हवी; म्हणून शक्यतो दोन्ही एकाच उत्पादकाच्या एकाच संचातले घ्यावेत.

लॅटरल रॉड दुसऱ्या टप्प्यात पाहावा. बॉडी वर गेली की रॉड अधिक तिरका होतो आणि अ‍ॅक्सलला त्याच्या चेसिसकडच्या टोकाच्या बाजूला ओढतो हे खरे आहे. पण ओढतो किती? रॉड ९०० मि.मी. लांब आणि मूळ स्थितीत त्याच्या दोन टोकांत ४० मि.मी. उंचीचा फरक धरला, तर ५० मि.मी. लिफ्टला अ‍ॅक्सल साडेतीन मि.मी.च्या आसपास सरकतो. १०० मि.मी. लिफ्टला मात्र तो १० मि.मी. सरकतो, कारण हा आकडा रॉडच्या दोन टोकांतल्या उंचीच्या फरकाच्या वर्गानुसार वाढत जातो. दोन्ही बाजूंच्या मडगार्डवरून ओळंबा सोडून टायरपर्यंतचे अंतर मोजावे. दोन अंतरांतल्या फरकाच्या निम्मे म्हणजे अ‍ॅक्सल सरकलेले अंतर. चार-पाच मि.मी.साठी घाई नको. लांबी बदलता येणाऱ्या रॉडने अ‍ॅक्सल मध्यावर येतो, पण रॉडचा तिरकेपणा जात नाही, आणि प्रत्येक गचक्यागणिक अ‍ॅक्सल आडवा हलणे त्या तिरकेपणामुळेच होते. तो घालवायला अ‍ॅक्सलकडची बैठक उंच करावी लागते. तशी उंच बैठक वेल्डवर मोठा ताण टाकते, म्हणून ती चांगल्या आधारपट्ट्यांसहितच करावी.

राहिले पॉलियुरेथेनचे बुश. अपायकारक म्हटले ते यांना. जिम्नीत एक चाक वर आणि दुसरे खाली जाते तेव्हा दोन्ही आर्म अ‍ॅक्सलला पिळू पाहतात. मूळचे रबर दबते म्हणून चाके वर-खाली होऊ शकतात. तेथे कडक बुश घातले की अ‍ॅक्सल स्वतःच गाडीचे कलणे रोखणाऱ्या एखाद्या बॅलन्स रॉडसारखा ताठ होतो आणि खाचखळग्यात चाक लवकर अधांतरी राहते. मूळचे रबरी बुश फाटलेले नसतील तर ठेवावेत, फाटले असतील तर कंपनीचेच नवे घालावेत. आणखी एक गोष्ट : स्प्रिंगा बदलताना आर्मचे आणि रॉडचे बोल्ट ढिले करून, गाडी चाकांवर स्वतःच्या वजनाने उभी असताना ते पुन्हा आवळले होते का, हे त्या मिस्त्रींना विचारा. गाडी हवेत असतानाच आवळले असतील तर रबर कायमचे पिळलेले राहते, गाडी कडक वाटते आणि बुश अकाली फाटतात. एक पैसा न खर्चता, टॉर्क पाना हाती घेऊन करण्याचे हे पहिले काम आहे.

जाता जाता टायरविषयी. लिफ्टने मागच्या क्राउनखालची (अ‍ॅक्सलच्या मधल्या फुगीर भागाखालची) जागा वाढत नाही. अ‍ॅक्सल जमिनीपासून जितका होता तितकाच राहतो. ती जागा फक्त टायर वाढवतो. मूळच्या १९५/८० आर १५ ऐवजी २१५/७५ आर १५ घेतला तर सुमारे ५ मि.मी. आणि २३५/७५ आर १५ घेतला तर सुमारे २० मि.मी. वाढ मिळते. मोठ्या टायरचे वजन अ‍ॅक्सलवर वाढते व ते आवरण्याचे काम पुन्हा शॉकवरच येते, म्हणून टायर बदलायचे नक्की असेल तर शॉकच्या आधी बदलावेत.

प्रश्न : जुन्या जिप्सीला मागे ५० मि.मी. जास्त लांब शॅकल (पाट्याचे टोक चेसिसला जोडणाऱ्या हलत्या पट्ट्या) लावले, तरी उंची तेवढी वाढली नाही आणि प्रोपेलर शाफ्ट आवाज करू लागला. आता पाटे अ‍ॅक्सलच्या वर बसवून घ्यावेत का?
– एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : पाट्याचे एकच टोक शॅकलवर असते, त्यामुळे शॅकल जितका लांब होतो त्याच्या निम्मीच उंची गाडीला मिळते, आपल्याला २५ मि.मी. मिळाली असेल. शिवाय पाटा मागे खाली झुकतो, पिनियन वर उचलली जाते आणि वर सांगितलेल्या कारणानेच शाफ्ट बोलू लागतो. मूळचे शॅकल परत लावून त्याऐवजी योग्य कमानीचे नवे पाटे बसवावेत. पिनियनचा थोडा कोन सुधारायचा राहिला तर पाटा आणि अ‍ॅक्सल यांच्यात पाचर घालता येते. ती पोलादी असावी, कारण अ‍ॅल्युमिनियमची पाचर दणके खाऊन फुटते. नुसता एक जादा पाटा खोचून उंची मिळते, पण मागची बाजू इतकी कडक होते की रिकाम्या गाडीत बसवत नाही.

जिप्सीत, म्हणजे १९८५ पासून आपल्याकडे आलेल्या या गाडीत, पाटे मुळात अ‍ॅक्सलच्या खाली असतात. ते वर नेले तर एकदम सव्वाशे मि.मी.च्या आसपास उंची वाढते आणि पाटे दगडांपासून सुटतात, हे आकर्षण मला समजते. तथापि ते काम मागच्या अ‍ॅक्सलपुरते कधीच राहत नाही. नव्या बैठका पिनियनच्या नव्या कोनात वेल्ड कराव्या लागतात, ब्रेकचे होस पाइप आणि शॉक लांब लागतात, पुढे स्टिअरिंगच्या रॉडची नव्याने मांडणी करावी लागते. त्यातच चढावर जोर लावला की अ‍ॅक्सल पाट्यांना इंग्रजी एस अक्षरासारखे पिळतो आणि शाफ्ट तुटण्याची वेळ येते. ते रोखण्यासाठी वेगळा आर्म घ्यावा लागतो. रोज रस्त्यावर चालणाऱ्या जिप्सीसाठी मी हे सुचवणार नाही. काही जुन्या गाड्यांत मागच्या ब्रेकचा दाब ठरवणारा व्हॉल्व्ह एका दांडीने अ‍ॅक्सलला जोडलेला असतो. आपल्या गाडीत तो असेल तर उंची वाढवल्यावर ती दांडी जुळवून घ्यावी, नाहीतर गाडी रिकामी आहे असे समजून तो मागचा ब्रेक कमी लावतो. आणि पाटे आवळणारे यू बोल्ट एकदा काढले की पुन्हा वापरू नका.

प्रश्न : लिफ्ट केलेल्या गाडीची आरटीओकडे नोंद करून घेता येते का? विम्याचे काय?
– एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ असे सांगते की, नोंदणीपत्रातला तपशील उत्पादकाने मुळात दिलेल्या तपशिलापेक्षा वेगळा होईल असा बदल मालकाला करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मधील निकालात हाच अर्थ कायम केला. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२अ मध्ये अनधिकृत बदल करणाऱ्या मालकास सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, अथवा दोन्ही, अशी तरतूद आहे. झिजलेल्या शॉकच्या जागी त्याच मापाचा दुसऱ्या कंपनीचा शॉक घालणे वेगळे आणि चेसिसला वेल्डिंग करून गाडी १०० मि.मी. उचलणे वेगळे, हा भेद मात्र व्यवहारात महत्त्वाचा आहे. विमा कंपनीला बदल लेखी कळवावेत. न कळवलेला बदल अपघातानंतर तपासनिसाच्या नजरेस आला तर दावा अडकू शकतो. केवळ खासगी जमिनीवरच्या शर्यतीत गाडी चालवतो ही सबब चालत नाही, कारण तेथपर्यंत ती सार्वजनिक रस्त्यानेच नेली जाते. ट्रेलरवर नेत असाल तर गोष्ट निराळी.

प्रश्न : स्कॉर्पिओ-एन ४० मि.मी. उंच केली आहे. मागे लांबी बदलता येणारा पॅनहार्ड रॉड कोणता घ्यावा?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : कोणताही नाही. आपल्या गाडीच्या मागच्या अ‍ॅक्सलवर पॅनहार्ड रॉड (पहिल्या उत्तरातल्या लॅटरल रॉडचेच दुसरे नाव) नसून वॉट लिंकेज आहे. त्यात मधोमध फिरणारी एक पट्टी आणि तिच्या दोन्ही बाजूंना एकेक रॉड असतो. अ‍ॅक्सल वर-खाली झाला तरी दोन्ही रॉड एकमेकांची भरपाई करतात आणि तो मध्यावरच राहतो. थार रॉक्सलाही हेच लागू आहे. फक्त ४० मि.मी. लिफ्टनंतर मधली पट्टी किती फिरलेली आहे ते चाके पूर्ण सुटलेल्या अवस्थेत पाहून घ्या. ती तिच्या टोकाच्या स्थितीजवळ आली असेल तर रॉडऐवजी शॉकची उघडी लांबी कमी करावी, म्हणजे चाक तेवढे खाली जाणारच नाही.